साठीतला जॅगर आणि विठाबाईंचा फड

एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स पहिल्यांदाच भारतात वाजवायला आले. ४ तारखेला बंगळूर, ७ ला मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. मी मांजरसुंब्याहून एसटीनं पाटोदा, जामखेड, नगर, पुणे करत मुंबई गाठली. घरी सांगितलं होतं, इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम आहे. वडिलांनी विचारलं, "म्हंजी आर्केस्ट्रा का?" मी हो म्हणालो.

तेव्हा तुमच्यातले कित्येक जण जन्मलेही नसाल, म्हणून थोडं मागचं सांगतो. या बँडचा पहिला कार्यक्रम १२ जुलै १९६२ ला लंडनच्या मार्की क्लबात झाला. मुंबईत आले तेव्हा मिक जॅगर ५९ वर्षांचा होता, ड्रमवरचा चार्ली वॉट्स ६१. आमच्याकडे या वयाचा माणूस पारावर बसून गुडघे चोळतो. जॅगर त्या उघड्या मैदानात कंबर हलवत नुसता पळत होता. गाण्यांतले निम्मे शब्द मला कळले नाहीत. पण ढोलकी आणि नाचणारीचे पाय यांच्यात जी चढाओढ लागते, ती तिथं ड्रम आणि जॅगरमध्ये लागली होती. ती मला चांगलीच ओळखीची होती.

बँडचं नाव मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलेलं. मडी वॉटर्स म्हणजे मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर राबलेला काळा गवई. शिकागोला गेला आणि विजेची गिटार घेऊन गाऊ लागला. कापूस वेचणाऱ्यांच्या गाण्यातून रॉक अँड रोल असा वर आला. बीडच्या माणसाला कापूस काय समजावायचा!

त्या वर्षी पाडवा २ एप्रिलला होता. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं येऊन जत्रेची सुपारी देतात. या गावाचं नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर मात्र आदल्याच वर्षी, १५ जानेवारी २००२ ला गेल्या होत्या. वय ६६.

त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या तशा कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. लोक हे कौतुकानं सांगतात. मला त्यात आधी फडाचा हिशेब दिसतो. खेळ थांबला की सुपारी बुडणार, आणि सगळ्या फडाची चूल त्याच सुपारीवर.

१९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. शेवटच्या आजारपणातलं दवाखान्याचं बिल मात्र लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं.

स्टोन्सच्या जुन्या रेकॉर्डी आजही विकल्या जातात, एकेका दौऱ्यात वर्षानुवर्षांची बेगमी होते. जॅगर साठीत पळतो तो हौसेनं. २०२४ मध्ये ऐंशीच्या वयात तो पुन्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला, तर प्रायोजक कोण? पन्नाशीपुढच्या अमेरिकनांची संघटना! फडावरच्या बाईला पाय चालतात तोवरच पैसा.

२००६ पासून राज्य सरकार ज्येष्ठ तमाशा कलावंतांना विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि तो घेऊन त्या गावोगाव फिरल्या.