विरूपीकरणाचे स्थलांतर : एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व्यंगचित्र

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व्यंगचित्राचा इतिहास बहुधा अभिरुचीच्या परिष्काराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जेम्स गिलरे (१७५६-१८१५) याच्या चित्रांतील आक्रमक, प्रसंगी बीभत्स विरूपीकरण मागे पडले आणि ‘पंच’च्या पानांवर सभ्य विनोद अवतरला, अशी ही मांडणी आहे. ती अपुरी आहे. विरूपीकरण नाहीसे झाले नाही; त्याचे लक्ष्य बदलले.

या बदलाला मुद्रणतंत्राचीही बाजू आहे. गिलरेची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने कोरलेली असत. शाई रेषांच्या खाचांत भरली जात असल्याने असे चित्र खिळ्यांनी जुळवलेल्या मजकुराबरोबर छापता येत नसे. ते सुटे विकले जाई, लंडनच्या दुकानांच्या खिडक्यांत झळके. याउलट टॉमस ब्यूइकने रूढ केलेल्या काष्ठकोरणीत छापायची रेषा उठावाची असते आणि ठसा खिळ्यांच्या उंचीचा करता येतो. त्यामुळे चित्र आणि शब्द एका पानावर आले. पीटरलूच्या हत्याकांडानंतर, १८१९च्या अखेरीस विल्यम होनने प्रसिद्ध केलेली ‘द पोलिटिकल हाउस दॅट जॅक बिल्ट’ ही पुस्तिका याचे ठळक उदाहरण होय. तीत जॉर्ज क्रुकशँकची चित्रे मजकुराचे अलंकरण करीत नाहीत. बालगीताची वाढत जाणारी पुनरुक्ती आणि चित्रमालिका यांच्या संयोगातूनच उपहास सिद्ध होतो. पुढच्याच वर्षी, राजाला अनैतिक प्रसंगात न रेखाटण्याच्या वचनापोटी क्रुकशँकला शंभर पौंड देण्यात आले.

‘पंच’ १८४१मध्ये निघाले. दोन वर्षांनी पार्लमेंटच्या नव्या वास्तूतील भित्तिचित्रांसाठी केलेल्या पूर्वरेखाटनांचे, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ‘कार्टून्स’चे, प्रदर्शन भरले. १५ जुलै १८४३च्या अंकात जॉन लीचने ऐश्वर्यसंपन्न व्यक्तिचित्रांसमोर उभी असलेली फाटक्या वस्त्रांतील माणसे रेखाटली आणि त्या चित्रालाच ‘कार्टून’ हे नाव मिळाले. या शब्दाचा आजचा अर्थ तेथून रूढ झाला. येथे उपहासाचा विषय कुणा मंत्र्याचे नाक नसून भुकेल्यांपुढे चित्रे ठेवणारी व्यवस्था आहे. व्यक्तीची जागा प्रातिनिधिक नमुन्याने घेतली आहे.

परंतु नमुना हे दुधारी साधन असते. १८६७च्या डिसेंबरात क्लार्कनवेल येथे स्फोट झाल्यावर जॉन टेनियलने दारूच्या पिंपावर बसलेला आयरिश बंडखोर वानरमुखी दाखवला. दोनच वर्षांपूर्वी ‘अ‍ॅलिस’ची चित्रे काढणारी रेषा हीच. राजाचा चेहरा विकृत केला जातो तेव्हा मूळ चेहरा वाचकाला ठाऊक असतो. दोहोंतील अंतरातूनच हास्य निर्माण होते. नमुन्याला असे मूळ नसते. त्यामुळे तेथील विकृती अतिशयोक्ती न वाटता वर्णन वाटू लागते. सभ्यता म्हणून ज्याचा गौरव होतो त्या परिवर्तनाने राजाला अभय मिळाले. त्याची किंमत मात्र ज्यांना स्वतःचे चित्र काढता येत नव्हते त्यांनी मोजली.