वेगाचा काटा आणि अंतराचा हिशेब

नवी विद्युत मोटार घेतल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येते. समोरच्या पडद्यावर ताशी १०० किलोमीटर वेग दिसत असताना मोबाइलमधील नकाशा ९६ किंवा ९७ दाखवत असतो. मोटार सदोष तर नाही ना, अशी शंका मनात डोकावते. पाठोपाठ दुसरी शंका येते, की वेग चुकीचा असेल तर धावलेले किलोमीटरही चुकीचेच मोजले जात असतील काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. वेग थोडा जास्त दिसणे हे नियमाला धरूनच असते. अंतर जास्त मोजले जाणे मात्र वेगळी बाब आहे आणि विद्युत मोटारीत तिचा संबंध थेट ग्राहकाच्या खिशाशी येतो.

चाकाचे फेरे मोजण्याची रीत

अंतर मोजण्यासाठी चाकाचे फेरे मोजावेत, ही कल्पना प्राचीन आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात अशा गाडीचे वर्णन केले आहे. चाकाच्या एका फेऱ्यात साडेबारा फूट अंतर कापले जाई. असे ४०० फेरे झाले, की ५,००० फुटांचा एक रोमन मैल पूर्ण होई आणि दातेरी चक्रांच्या योजनेमुळे एक खडा भांड्यात पडे. प्रवासाच्या शेवटी खडे मोजले, की मैल कळत.

मोटारीतील वेगदर्शक काट्याचा मान जर्मन अभियंता ओटो शुल्झ याच्याकडे जातो. त्याने १९०२ मध्ये चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सपासून निघालेली लवचीक तार एक चुंबक फिरवी आणि त्या ओढीने काटा सरके. पुढील अनेक दशके जगभरच्या मोटारींत हेच तत्त्व वापरले गेले.

आजच्या मोटारीत ना तार आहे, ना खडे. चाकाच्या तुंब्याजवळ बसवलेले संवेदक प्रत्येक फेऱ्याला ठरावीक संख्येने विद्युत स्पंद देतात. ब्रेक लागताना चाक घसरू नये यासाठीच्या एबीएस यंत्रणेचेच हे संवेदक असतात. मोटारीतील संगणक स्पंद मोजतो, त्यांना टायरच्या परिघाची जोड देतो आणि वेग व अंतर दोन्ही काढतो. फेऱ्यांची मोजणी अचूक असते. प्रश्न उरतो तो परिघाचा. संगणकाला परीघ दिसत नाही. कारखान्यात भरलेला आकडाच तो खरा धरतो.

वेग जास्त का दिसतो?

वेगमापकाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील ३९ क्रमांकाचा नियम अनेक देशांनी स्वीकारला आहे. दाखवलेला वेग प्रत्यक्ष वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, हे त्याचे सूत्र. जास्त असला तरी तो फरक मोटारींच्या बाबतीत प्रत्यक्ष वेगाचा दहावा भाग अधिक ताशी चार किलोमीटर, यापलीकडे जाता कामा नये. म्हणजे मोटार प्रत्यक्षात ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर पडद्यावर ८० ते ९२ पर्यंतचा कोणताही आकडा नियमात बसतो; ७९ मात्र बसत नाही. प्रत्यक्ष वेग १०० असेल, तर ही मर्यादा ११४ पर्यंत जाते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११७ व्या नियमाने वेगमापक बंधनकारक केला असून त्यासाठीचे भारतीय मानकही याच धर्तीचे आहे.

कमी दाखवायला पूर्ण बंदी आणि जास्त दाखवायला मुभा, अशी स्थिती असल्याने उत्पादक साहजिकच सावध राहतात. टायर नवा असो वा जुना, हवा कमी असो वा जास्त, कोणत्याही परिस्थितीत वेग कमी दिसू नये म्हणून संगणकात मुद्दाम काही वाढ धरली जाते. शंभराच्या ठिकाणी चार-पाच किलोमीटरचा फरक हा त्याचाच परिणाम असतो. तो दोष नव्हे.

ही वाढ साधारणपणे फक्त दिसणाऱ्या वेगावर चढवली जाते. अंतरमापक, म्हणजे ओडोमीटर, मूळ स्पंदांवरून किलोमीटर मोजतो. त्यामुळे वेग चार टक्के जास्त दिसतो म्हणून किलोमीटरही चार टक्के जास्त मोजले जात असतील, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. अंतराची तपासणी स्वतंत्रपणेच करावी लागते.

टायरचा वाटा

आपल्याकडील अनेक लहान एसयूव्ही मोटारींना २१५/६० आर १६ या मापाचा टायर असतो. त्याचा व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर भरतो. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल धरली आणि ती झिजून १.६ मिलिमीटरवर आली, तर व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने घटतो. ही घट दोन टक्क्यांच्या आसपास आहे. परीघ घटला, की तेवढेच अंतर कापायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि संगणक जास्त किलोमीटर मोजतो. म्हणजे नव्या टायरवर अचूक असलेला ओडोमीटर झिजलेल्या टायरवर प्रत्येक १०० किलोमीटरमागे सुमारे दोन किलोमीटर जास्त दाखवू शकतो. विद्युत मोटारी बॅटरीमुळे जड असतात आणि त्यांच्या चाकांना सुरुवातीपासूनच मोठा जोर मिळतो. त्यामुळे टायरची झीज हा त्यांच्याबाबत दुर्लक्ष करण्याजोगा मुद्दा नाही.

टायरचे माप बदलल्यास उलटा परिणाम होतो. वरील टायरऐवजी २२५/६० आर १६ बसवला, तर व्यास सुमारे १.८ टक्क्यांनी वाढतो. ओडोमीटरवर १०,००० किलोमीटर दिसतील, तेव्हा मोटार प्रत्यक्षात सुमारे १०,१८० किलोमीटर धावलेली असेल. वेगही तेवढ्या प्रमाणात कमी दिसेल आणि नियमाने ठेवलेली सुरक्षिततेची फट अरुंद होईल.

दोन टक्क्यांची किंमत

अनेक विद्युत मोटारींच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वॉरंटी दिली जाते. ओडोमीटर सातत्याने दोन टक्के जास्त मोजत असेल, तर प्रत्यक्षात सुमारे १,५६,९०० किलोमीटर झाल्यावरच वॉरंटी संपते. मालकाचे तीन हजारांहून अधिक किलोमीटर बुडतात. बॅटरी हा मोटारीतील सर्वांत महागडा भाग असल्याने हे अंतर क्षुल्लक म्हणता येत नाही. पल्ल्याचेही तसेच. ४० युनिट विजेत ३०० किलोमीटर दिसले, तर एका युनिटमागे साडेसात किलोमीटर असा हिशेब निघतो. प्रत्यक्षात २९४ किलोमीटरच झाले असतील, तर तो ७.३५ वर येतो. वीज तेवढीच, समाधान मात्र फुगवलेले.

असे वाद न्यायालयापर्यंतही गेले आहेत. अमेरिकेत होंडा कंपनीच्या २००२ ते २००६ या काळातील मोटारींचे ओडोमीटर जास्त अंतर मोजतात, असा सामुदायिक दावा करण्यात आला होता. तडजोडीत कंपनीने वॉरंटीची अंतरमर्यादा पाच टक्क्यांनी वाढवून दिली. ३६,००० मैलांची मर्यादा ३७,८०० मैल झाली. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात टेस्लाच्या एका मालकाने, ओडोमीटर चाकाच्या फेऱ्यांऐवजी विजेच्या वापरावरून अंतर वाढवतो, असा आरोप न्यायालयात केला. कंपनीने तो फेटाळला. आरोप म्हणजे पुरावा नव्हे. पण विद्युत मोटारीत अंतराचा आकडा किती संवेदनशील झाला आहे, हे यावरून दिसते.

घरच्या घरी पडताळणी

टॅक्सीच्या मीटरची पडताळणी वैधमापन यंत्रणेकडून होते. खासगी नव्या मोटारीच्या ओडोमीटरची तशी वार्षिक तपासणी होत नाही. मालकाला ती स्वतः करता येते.

सर्वप्रथम टायरमधील हवा थंड स्थितीत, उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी. त्यानंतर किलोमीटरचे दगड किंवा फलक व्यवस्थित असलेल्या महामार्गावर किमान ४० किलोमीटरचा टप्पा निवडावा. टप्पा लहान असेल, तर एका फलकाची चूक सारा हिशेब बिघडवते. सुरुवातीला ट्रिप मीटर शून्यावर आणून शेवटी नोंद घ्यावी आणि परतीच्या प्रवासात तीच मोजणी पुन्हा करावी. ४० किलोमीटरला ४०.८ दिसले, तर वाढ दोन टक्के समजावी.

वेगासाठी दहा किलोमीटरचा सरळ, मोकळा पट्टा पुरतो. पडद्यावर ८० स्थिर ठेवल्यास हे अंतर ७ मिनिटे ३० सेकंदांत कापले गेले पाहिजे. ७ मिनिटे ५० सेकंद लागले, तर प्रत्यक्ष वेग सुमारे ७६.६ होता आणि फरक नियमात बसतो. घड्याळ पाहण्याचे व नोंदी करण्याचे काम चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्या व्यक्तीने करावे.

मोबाइलमधील जीपीएसचा वेग मोकळ्या आकाशाखाली, स्थिर गतीत विश्वासार्ह असतो. बोगदे, उंच इमारती आणि घाटातील वळणे येथे मात्र त्याची गफलत होते. त्यामुळे अंतराच्या वादात केवळ त्याच्यावर विसंबू नये.

टायर नवे, माप मूळचे आणि हवा योग्य असतानाही अंतरात तीन-चार टक्क्यांची वाढ पुनःपुन्हा आढळली, तर तारीख, मार्ग आणि पडद्याच्या छायाचित्रांसह सेवा केंद्राकडे लेखी तक्रार नोंदवून पोच घ्यावी. वॉरंटीचा प्रश्न सातव्या वर्षी उपस्थित होतो; पुरावा मात्र पहिल्या वर्षी गोळा करणे सर्वांत सोपे असते.