निवृत्तीनंतरची निरुपयोगीपणाची भावना

आपल्या असण्या-नसण्याने आता कोणाला फरक पडत नाही, असे वाटू लागणे म्हणजे निरुपयोगीपणाची भावना. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती विशेष जाणवते. महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. काल ज्यांच्या सहीवाचून फाइल हलत नसे, त्यांचा फोन आज दिवसभर वाजत नाही. चिडचिड, झोपमोड आणि माणसे टाळणे ही या अवस्थेची नेहमीची लक्षणे.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये पुढच्या पिढीसाठी काही घडवणे हे प्रौढ वयाचे प्रमुख कार्य मानले. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांवर स्वतःचे निर्णय आणि एका रोपट्याची निगा सोपवली होती, ते इतरांपेक्षा अधिक आनंदी व सजग आढळले.

म्हणून गेलेल्या पदाचे दुःख दडपू नये, ते जवळच्यांपाशी बोलावे. त्याचबरोबर नातवंडांचा अभ्यास, सोसायटीचा हिशेब, वाचनालयाचे काम अशी लहान पण स्वतःच्या हातातली जबाबदारी घ्यावी. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.