नायक वेगळा, विनोदी नट वेगळा? टीव्हीवर हसवणाऱ्यांच्या पुरस्काराची ७५ वर्षांची गोष्ट

मकरंद अनासपुरे मूळचे बीडचे. संदीप पाठक माजलगावचे. एकाच जिल्ह्यातल्या या दोन नटांनी महाराष्ट्राला भरपूर हसवलंय. आता समजा, अशा एखाद्या नटाला टीव्हीवरच्या कामासाठी पुरस्कार द्यायचा आहे. तो कोणत्या गटात द्यायचा? 'सर्वोत्कृष्ट अभिनेता' की 'सर्वोत्कृष्ट विनोदी व्यक्तिरेखा'?

प्रश्न साधा वाटतो. पण टीव्हीच्या जगातला सगळ्यात मोठा समजला जाणारा अमेरिकेचा एमी पुरस्कारही गेली ७५ वर्षं अशाच प्रश्नाशी झटतोय. वाद अजून मिटलेला नाही.

पहिला मान शब्दभ्रमकाराला

पहिला एमी सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. तेव्हा नट-नट्यांसाठी वेगवेगळे गट नव्हतेच. कलाकारासाठीचा एकमेव पुरस्कार मिळाला शर्ली डिन्सडेल या तरुणीला. ती शब्दभ्रमकार होती. आपल्याकडे रामदास पाध्ये अर्धवटरावांना बोलतं करतात ना, तशी ती 'जुडी स्प्लिंटर्स' नावाच्या बाहुलीला बोलतं करायची. म्हणजे टीव्हीचा हा मोठा पुरस्कार सुरू झाला तोच हसवणाऱ्या कलाकारापासून.

पुढे विनोदी कलाकारांसाठी वेगळे पुरस्कार आले. १९५३ मध्ये जिमी ड्युरांटी सर्वोत्कृष्ट विनोदवीर ठरले, तर 'आय लव्ह लुसी'ची ल्युसिल बॉल सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्री. नंतरच्या काही वर्षांत गटांची नावं सतत बदलत राहिली. कधी विनोदी आणि गंभीर कलाकार एकाच रांगेत, कधी वेगळे. घडी नीट बसली ती १९६६ मध्ये. त्या वर्षी विनोदी मालिकेतले प्रमुख कलाकार आणि गंभीर मालिकेतले प्रमुख कलाकार असे स्वतंत्र गट झाले. विनोदी गटात डिक व्हॅन डाइक आणि मेरी टायलर मूर जिंकले. दोघंही एकाच मालिकेतले, 'द डिक व्हॅन डाइक शो'मधले नवरा-बायको.

यात बारकावा काय?

एमीमध्ये 'विनोदी' हे विशेषण नटाला किंवा पात्राला लागत नाही, मालिकेला लागतं. मालिका एकदा विनोदी गटात गेली की तिच्यात प्रमुख अभिनेता, प्रमुख अभिनेत्री, सहायक, पाहुणा कलाकार असे सगळे गट असतात. त्यामुळे हसवणारा माणूस तिथे हक्काने नायक असतो.

म्हणूनच 'वीप' या राजकीय विनोदी मालिकेसाठी ज्युलिया लुई-ड्रायफस २०१२ ते २०१७ अशी सलग सहा वर्षं प्रमुख अभिनेत्री म्हणून जिंकली. 'द बिग बँग थिअरी'च्या जिम पार्सन्सला शेल्डनसाठी चार वेळा प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

पण मालिका विनोदी आहे हे ठरवायचं कुणी?

खरी गंमत इथेच आहे. एड अ‍ॅस्नर या नटाने लू ग्रँट नावाचा पत्रकार आधी विनोदी मालिकेत साकारला. पुढे त्याच पात्रावर वेगळी गंभीर मालिका निघाली. त्याला दोन्ही गटांत पुरस्कार मिळाले.

'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक'चं तर आणखी भारी. उझो अडूबाला २०१४ मध्ये विनोदी गटात पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये त्याच मालिकेतल्या त्याच भूमिकेसाठी गंभीर गटात! मधल्या काळात नियम बदलला होता. अर्ध्या तासापर्यंतचे भाग असतील तर मालिका विनोदी, त्याहून मोठे असतील तर गंभीर, असं ठरलं. अपवाद हवा असेल तर अर्ज करायचा. विनोद घड्याळावर मोजायचा हा प्रकार २०२१ च्या अखेरीस बंद झाला. पण मालिका कोणत्या गटात पाठवायची ही निवड आजही मुळात निर्मात्यांचीच असते.

म्हणून 'द बेअर'चा वाद पेटला. भावाच्या आत्महत्येनंतर त्याचं सँडविचचं दुकान चालवणाऱ्या शेफची ही गोष्ट. बघताना अंगावर ताण येतो. तरी ती विनोदी गटात गेली आणि जेरेमी अ‍ॅलन व्हाइटने २०२४ मध्ये एकाच वर्षात दोनदा प्रमुख अभिनेत्याचा एमी जिंकला. (२०२३ चा सोहळा हॉलिवूडमधल्या संपामुळे जानेवारी २०२४ पर्यंत लांबला होता.) २०२५ मध्ये मात्र हा पुरस्कार 'द स्टुडिओ' या उघडपणे विनोदी मालिकेसाठी सेथ रोगनकडे गेला.

जिंकणारा कसा ठरतो?

एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीचे २० हजारांहून जास्त सदस्य आहेत. अभिनयाच्या पुरस्कारांसाठी मतं देतात ती अभिनय क्षेत्रातलीच मंडळी. मालिका कोणत्याही वाहिनीवरची असो, सगळे एकाच स्पर्धेत. प्रमुख कलाकार आपल्या कामाचा नमुना म्हणून एक भाग निवडून पाठवतो. एका भागात जमलेली भट्टी कधीकधी अख्ख्या सीझनवर भारी पडते.

भारतीयांना यात जागा आहे का? आंतरराष्ट्रीय एमी हा वेगळा सोहळा असतो. तिथे २०२३ मध्ये वीर दासच्या 'लँडिंग' या कार्यक्रमाला विनोदी गटात पुरस्कार मिळाला, ब्रिटनच्या 'डेरी गर्ल्स'सोबत विभागून. पण तो पुरस्कार कार्यक्रमासाठी होता. तिथल्या अभिनयाच्या पुरस्कारांत विनोदी आणि गंभीर अशी विभागणी नाही.

आपल्याकडे चित्र वेगळं का?

हिंदीत फिल्मफेअरने १९६७ मध्ये विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. पहिला मान 'प्यार किये जा'साठी मेहमूद यांना मिळाला. २००७ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'साठी अर्शद वारसीला तो मिळाला आणि त्यानंतर हा गटच बंद झाला. टीव्हीसाठी २००१ पासून इंडियन टेलिव्हिजन अकॅडमीचे पुरस्कार आहेत. त्यात विनोदी अभिनेत्याचा वेगळा गट आहे आणि जेठालालच्या भूमिकेसाठी दिलीप जोशींनी तो जिंकला आहे.

मराठीत टीव्हीवरचा विनोद दूरदर्शनइतकाच जुना म्हणता येईल. चिं. वि. जोशींच्या कथांवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ती दोन्ही पात्रं मालिकेचा केंद्रबिंदू होती. वाहिन्यांचे पुरस्कार सोहळे मात्र बरेच नंतर आले आणि त्यांची मांडणी दैनंदिन मालिकांवर बेतलेली होती. 'झी मराठी'च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट नायक, नायिका, खलनायक यांच्याबरोबर 'विनोदी व्यक्तिरेखा' असाही गट असतो. म्हणजे इथे 'विनोदी' हे विशेषण मालिकेला नाही, पात्राला लागतं. नायक वेगळा आणि हसवणारा वेगळा.

दुसरा फरक मतांचा. अशा सोहळ्यात स्पर्धा त्या वाहिनीपुरतीच असते आणि मतं प्रेक्षकांकडून मागवली जातात. त्यामुळे 'चला हवा येऊ द्या'चा कलाकार आणि सोनी मराठीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चा कलाकार अशा सोहळ्यात एकमेकांसमोर येऊच शकत नाहीत.

याचा फटका कुणाला?

मालिकांत 'कामून' आणि 'लई' म्हणणारं पात्र अनेकदा नायकाचा मित्र, गडी नाहीतर गावाकडचा मामा असतं. मराठवाड्याची बोली कानावर पडली की ते पात्र विनोदीच असणार, असं आपणही गृहीत धरतो. मग त्या नटाच्या वाट्याला 'विनोदी व्यक्तिरेखा' येते, 'नायक' येत नाही. अनासपुरेंनी 'कायद्याचं बोला', 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' अशा चित्रपटांत याच बोलीत प्रमुख भूमिका केल्या आणि त्या लोकांनी उचलून धरल्या. म्हणजे अडचण बोलीत नाही आणि प्रेक्षकांतही नाही.

आणखी एक पेच आहे. आजचा मराठी टीव्हीवरचा विनोद मुख्यतः स्किटमध्ये आहे. तिथे नट दर आठवड्याला नवं पात्र उभं करतो, कधी एकाच भागात दोन-तीन. मग पुरस्कार नेमक्या कोणत्या व्यक्तिरेखेला द्यायचा? लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आज संदीप पाठक रंगमंचावर एकटे सादर करतात. त्यात ५२ पात्रं आहेत. तसंच काम कुणी टीव्हीवर केलं, तर 'विनोदी व्यक्तिरेखा' या गटात त्यातली ५१ बाहेरच ठेवावी लागतील.