न तापवलेलं दूध

आमच्या ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोटाचं डायलिसिस सुरू झालं. दिवसातून चार वेळा पोटातल्या नळीवाटे दोन लिटर द्रावण आत सोडायचं आणि काही तासांनी बाहेर काढायचं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण त्यात उतरते. बाहेर आलेल्या पिशवीतून पेपरातली अक्षरं वाचता आली की माझा जीव भांड्यात पडायचा. एका सकाळी अक्षरं दिसेनात.

या उपचाराचा इतिहास म्हणजे जंतूंशी चाललेली झटापटच आहे. जर्मनीत गँटर यांनी १९२३ मध्ये तो माणसावर करून पाहिला. १९६८ मध्ये टेंकहॉफ यांची कायमची नळी आली. १९७६ मध्ये अमेरिकेत पॉपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी रोजचे व्यवहार सांभाळून करता येणारी पद्धत मांडली, पण पोटात जंतू फार शिरत. मग टोरांटोच्या ओरिओपोलॉस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या आणि तो त्रास बराच कमी झाला.

हे जंतू बहुधा आपल्याच कातडीवरचे असतात. आमच्याकडे मात्र नेहमीच्या औषधांना दाद मिळेना. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कच्चं दूध प्यायलात का?"

प्यायले होते! महिन्यापूर्वी अल ऐनच्या वाटेवर उंटवाल्याने मोठ्या प्रेमाने वाडगा पुढे केला होता. नाही कसं म्हणायचं?

जंतू निघाला ब्रुसेला. माल्टात तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या शरीरात तो डेव्हिड ब्रूस यांना सापडला, ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झालं. तो येतो कुठून, हे १९०५ मध्ये तिथल्याच झामित यांनी शोधलं: बकरीच्या दुधातून! पुढच्या वर्षी सैनिकांचं ते दूध बंद झालं आणि ताप ओसरला. सौदी अरेबिया आणि तुर्कस्तानातही पोटाचं डायलिसिस घेणाऱ्यांत हा जंतू सापडला आहे. प्रयोगशाळेत तो सावकाश वाढतो, म्हणून आधी संशय यावा लागतो.

ह्यांची नळी काढावी लागली, औषधं कित्येक आठवडे चालली. आता ठीक आहेत.

दूध उतू जाऊ नये म्हणून आई शेगडीपाशी उभी राहायची, तेव्हा आम्ही हसायचो. मंडळी, दूध उंटाचं असो की म्हशीचं, तापवूनच प्या. आणि डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं, तर काहीही लपवू नका.