निम्मं मालकाचं: इटलीतल्या शेतघराची गोष्ट

आजचा एपिसोड छोटा आहे, बसमध्ये ऐकून संपेल.

टस्कनी आणि उंब्रियातली ती दगडी शेतघरं तुम्ही रील्समध्ये पाहिलीच असतील. लाल कौलं, सायप्रसची झाडं, अंगणात लांबलचक टेबल. शेतकरी कुटुंबच पाहुण्यांना ठेवून घेतं, रांधून वाढतं. याला तिकडे ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. मी उंब्रियात अशा एका घरात चार रात्री राहिलो. खोली तळमजल्यावर होती आणि तिच्या भिंतीत दोन गंजलेल्या लोखंडी कड्या होत्या. त्या कशाच्या, असं मी विचारलं. घरच्या आजी म्हणाल्या, बैलांच्या. (हे सगळं फोनवरच्या ट्रान्सलेशन ॲपमधून चाललेलं, बरं का.)

म्हणजे माझी खोली हा गोठा होता. खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब हिवाळ्यात वर पोचायची, तेवढंच हीटिंग.

आणि घर तरी त्यांचं कुठे होतं? इथे येतो तो शब्द, ‘मेझाद्रिया’. मेझ्झो म्हणजे निम्मं. आपल्याकडच्या बटईसारखाच प्रकार. जमीन आणि घर मालकाचं, राबणं कुळाचं आणि पीक निम्मं-निम्मं. मध्य इटलीत हे मध्ययुगापासून चालत आलं. करार एका माणसाशी नाही, अख्ख्या कुटुंबाशी असायचा. सही करणार घरातला कर्ता, त्याला ‘कापोच्चा’ म्हणत, पण राबायचे सगळेच. घरात किती हात आहेत यावर मालकाची नजर असे, इतकी की अनेक ठिकाणी लग्नालाही त्याची परवानगी लागे.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी याच टायबरच्या खोऱ्यातून सरकली. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलैला इथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यावर वेगळा एपिसोड करायचाय, इथे उरकणार नाही.

युद्धानंतर कुळं पेटून उठली. पंतप्रधान दे गास्पेरींनी लवाद केला आणि कुळाचा वाटा ५० वरून ५३ टक्के झाला. शतकानुशतकांच्या निम्म्यातून ३ टक्के हलायला एवढं सगळं घडावं लागलं! १९६४ च्या कायद्याने तो ५८ केला आणि नवे मेझाद्रिया करार बंदच केले. पण आपल्या कुळकायद्यासारखी जमीन काही कुळाच्या नावावर झाली नाही. आणि तोवर तरुण पोरं कारखान्यांकडे निघूनही गेली होती. घरं ओस पडली, कौलं खाली आली. पुढे त्यातली बरीचशी शहरातल्या आणि परदेशी लोकांनी घेतली.

या आजींच्या सासऱ्यांनी मात्र कर्ज काढून तेच घर विकत घेतलं, जिथे ते कूळ होते. मला ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

१९८५ मध्ये आग्रितुरिस्मोचा राष्ट्रीय कायदा आला, २००६ मध्ये नवा. आज देशात अशी २५ हजारांहून जास्त ठिकाणं आहेत. कायद्याची मुख्य अट माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडली: शेती हेच मुख्य काम राहिलं पाहिजे, पाहुणे दुय्यम. आणि हे मोजताना शेतीत किती वेळ राबलात ते मुख्यतः बघतात. शेती थांबली की आग्रितुरिस्मो म्हणून खोल्या देता येत नाहीत.

इथेच या घराची गोची आहे. आजोबांचे गुडघे गेलेत. मुलगा मिलानला नोकरी करतो, माझ्यासारखीच, लॅपटॉपवरची. सुनेला परत यायचंय, त्याचं ठरत नाहीये. खोल्या वर्षभर भरतात, पण ऑलिव्हची साडेतीनशे झाडं पाहुणे थोडेच झोडपणार?

तोडणी ऑक्टोबरच्या शेवटाला सुरू होते. मुलाने दहा दिवसांची रजा टाकलेली, मंजूर व्हायची होती.