कराची ते जुहू, सव्वासात तास

माझा उभा जन्म रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेला. त्यामुळे विमानाच्या गोष्टीतही माझी नजर आधी डाकेच्या थैलीकडे जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा आपल्या विमानडाक सेवेच्या पहिल्या फेरीला कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुसमॉथ विमान घेऊन उडाले, तेव्हा सोबत डाक होती फक्त २५ किलो. एवढा बोजा आमच्याकडचा कुठलाही हमाल एका खांद्यावर टाकून फलाटभर चालला असता.

पण घाई कशाची होती ते डाकवाल्यालाच कळावं. १९२९ पासून इंपीरियल एअरवेज लंडनची विमानडाक आठवडाभरात कराचीला आणून टाकत होती. तिथून पुढे मात्र आगगाडी. मधे कच्छचं रण आडवं, किनाऱ्याने रूळ नाहीत, म्हणजे मुंबई-मद्रासच्या पत्रांना भला मोठा वळसा. हवेत कमावलेला वेळ जमिनीवर खर्ची पडायचा.

कराची ते मुंबई सरळ रेषेत अंतर साधारण ८७५ किलोमीटर. टाटांना इंधनासाठी अहमदाबादला उतरायचं होतं, म्हणून हजाराच्या वर गेलं. अहमदाबादच्या मैदानावर बर्मा शेलचं पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. डबे उतरवायचे, टाकीत ओतायचे, की पुन्हा उड्डाण. विमानात रेडिओ नाही. खाली दिसेल त्या मुलखावर नजर ठेवून चालवायचं. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला टेकले. पुढची डाक टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. जुहू म्हणजे तेव्हा नुसतं मातीचं मैदान. पावसाळ्यात तिथे चिखल, म्हणून ही सेवा पुण्याच्या येरवड्याला हलवावी लागे. पुणेकरांनी या गोष्टीचा अजून पुरेसा अभिमान मिरवलेला नाही, याचं नवल वाटतं.

हा सगळा प्रवास झाला तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती! सिंध वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ ला. त्या जुन्या नात्याची खूण म्हणून, सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. म्हणजे पहिल्या दिवशी टाटा परमुलखातून आले नव्हते. एका इलाख्यातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात आले होते.

पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी लेपर्डमॉथ विमानातून तोच रस्ता पुन्हा कापला. या खेपेला मधे देशाची सीमा होती, पण ती ओलांडता आली.

जेट विमानाला हे अंतर दीड तासाचं. मात्र आज मुंबईहून कराचीला थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचं तर आधी १,९०० किलोमीटरहून जास्त पश्चिमेला आणि मग जवळपास १,२०० परत पूर्वेला, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. नुसत्या हवेतच पाच तास जातात. दुबईला उतरून दुसरं विमान पकडायचा वेळ धरला, तर बैलगाडीतल्या पेट्रोलवर उडालेलं पुसमॉथ लवकर पोचलं असतं.